दोन ऑक्टोबरची सुट्टी आणि ओढ्याची तारीख : एका वनराई बंधाऱ्याचं प्रकरण

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांबरोबर चर्चेला घेण्यासाठी हे प्रकरण लिहून काढलं आहे. गाव, महाविद्यालय आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत; घटनांचा क्रम आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. राष्ट्रीय सुट्टीला तरुणांचं श्रमदान ठरवताना पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी 'किती मुलं येतील' हा असतो. इथं त्याआधी दुसराच प्रश्न विचारावा लागला: हे काम त्या दिवशी करण्याजोगं आहे का?

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरपट्ट्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. तिथल्या कला-वाणिज्य महाविद्यालयात योजनेचं शंभर स्वयंसेवकांचं एकक आहे. कार्यक्रम अधिकारी मराठीच्या प्राध्यापिका. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, इथंही तसंच म्हणू. एककाचं दत्तक गाव महाविद्यालयापासून बसनं वीस-पंचवीस मिनिटांवर. पावसाळ्यात तिथं धो धो पाऊस, ओढे दुथडी भरून वाहतात आणि फेब्रुवारी उजाडला की वाडीवरच्या विहिरीत बादली खडकाला लागते. डोंगरउताराची गावं पाण्याच्या बाबतीत अशीच असतात.

साल २०२३. त्या वर्षीचा ऑगस्ट राज्याच्या मोठ्या भागात जवळजवळ कोरडा गेला. सप्टेंबरनं थोडं सावरलं, तरी पुढचा उन्हाळा कसा जाणार ही धास्ती गावात होतीच. म्हणून मुलांनीच सुचवलं की यंदा गांधी जयंतीला झाडू न घेता वनराई बंधारा घालू. मोहन धारिया यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव रुळलं. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत ओढ्यातलीच माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारख्या सांधे मोडून त्या प्रवाहात रचायच्या. खर्च नावापुरता, यंत्राची गरज नाही, पाणी डोळ्यांदेखत तुंबतं. कृषी विभाग दरवर्षी गावोगाव लोकसहभागातून हे बंधारे घालायला लावतो. तरुणांच्या श्रमदानाला यापेक्षा चांगलं काम शोधून सापडणार नाही, असं मॅडमना वाटलं आणि त्यात चूक काही नव्हती.

यामागे योजनेचा हिशेबही होता. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. हे तास भरतात ते बहुधा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवसांना आणि हिवाळी शिबिरात. त्यामुळे त्या दिवसांवर सगळा भार येतो. परिपत्रक येतं, अहवाल जातो, फोटो जातात.

अडचण

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फलक छापून झाला: '२ ऑक्टोबर, सकाळी ८, वनराई बंधारा श्रमदान'. एका स्थानिक लोकप्रतिनिधींना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मग तीन गोष्टी एकामागून एक पुढं आल्या.

पहिली कृषी सहाय्यकांनी सांगितली. मॅडमनी जागा दाखवायला त्यांना ओढ्यावर नेलं, तेव्हा गुडघाभर पाण्याला चांगलीच ओढ होती. ते म्हणाले, "मॅडम, बंधारा घालायचा तो ओढा दमल्यावर. आत्ता घातलात तर आठ दिवसांत गोण्या खालच्या गावाला." मोसमी पाऊस पुण्यातून परतण्याची सरासरी तारीख ९ ऑक्टोबर. म्हणजे २ तारखेला पाऊस अजून घरातच असतो. आदल्या वर्षीचा अनुभव ताजा होता. २०२२च्या ऑक्टोबरच्या मध्याला पुणे परिसराला परतीच्या पावसानं झोडपलं, आणि शेजारच्या खोऱ्यात गांधी जयंतीला हौसेनं घातलेला एक बंधारा त्यात वाहून गेला होता. त्याचे फोटो मात्र अहवालात आहेत, आजही पाहता येतात.

दुसरी अडचण भाताची. ओढ्याच्या डाव्या काठाला एका शेतकऱ्याचं खाचर होतं. भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरत आलेला. पाणी अडलं की फुगवटा थेट त्या खाचरात. गावात सगळे ज्यांना आण्णा म्हणतात ते हे गृहस्थ विरोधक नव्हते. "पाणी अडवा की, मी कशाला नको म्हणू? पण माझं भात निघू द्या," एवढंच त्यांचं म्हणणं. ते नाकारायला कुणाकडे कारण नव्हतं.

तिसरी, मुलांची. त्या वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, २९ला ईदची सुट्टी, मध्ये एक शनिवार, मग रविवार १ ऑक्टोबर आणि सोमवारी गांधी जयंती. शनिवारी दांडी मारली की सलग पाच दिवस मोकळे. वसतिगृहातली मुलं गावी जाणार हे उघड होतं. कॉलेजच्या वेळेची बस सुट्टीला येत नाही, त्यामुळे जाऊन-येऊन शिकणाऱ्यांचीही पंचाईत. सुट्टीमुळे मुलं मोकळी होतात हे खरं, पण मोकळी झालेली मुलं आपल्याकडेच येतील असं नाही. त्यात १ तारखेला देशभर सकाळी दहाला 'एक तारीख, एक तास' हे स्वच्छतेचं श्रमदान ठरलेलं होतं. म्हणजे लागोपाठ दोन दिवस यायचं.

समोर असलेले पर्याय

सोपा पर्याय होता ठरल्याप्रमाणे २ तारखेलाच बंधारा घालायचा. छोटा, दोन थरांचा. टिकला तर टिकला. प्राचार्यांचा कल इकडे होता. फलक छापलेला आणि पाहुण्यांना शब्द दिलेला. मुलांपैकीही काहींना हेच हवं होतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं: आत्ता जे चाळीस-पन्नास जण तयार आहेत ते दोन आठवड्यांनी असतील कशावरून?

दुसरा पर्याय म्हणजे बंधारा सोडून नेहमीची ग्रामस्वच्छता. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात खराट्याला नाव ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. पण बाबा गावात शिरताच जिथं घाण असेल तिथं खराटा चालवत. आपल्या राष्ट्रीय सणांना बहुधा जिथं फोटो चांगला येतो तिथं चालतो. १ तारखेला शाळेचं मैदान, मंदिराचा परिसर आणि ग्रामपंचायतीचं अंगण झाडून होणारच होतं. दुसऱ्या दिवशी तेच मैदान पुन्हा झाडायचं, हे मुलांनीच हसण्यावारी नेलं. गावातली तुंबलेली गटारं खरी साफ करण्याजोगी होती. पण त्यासाठी हातमोजे, गमबूट, उपसलेला गाळ उचलायला ट्रॉली यांतलं काहीच हाताशी नव्हतं, आणि तयारीशिवाय मुलांना गटारात उतरवायला मॅडमनी साफ नकार दिला.

तिसरा पर्याय, सगळंच पुढं ढकलून दिवाळीनंतर घ्यायचं. तेव्हा ओढा शांत, भात निघालेलं. पण तेव्हा सत्र परीक्षा डोक्यावर असतात. शिवाय नोव्हेंबरपर्यंत थांबलं तर अडवायला पुरेसं पाणीच उरत नाही. बंधाऱ्याचा फायदा वाहत्या पाण्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत असतो.

चौथा पर्याय कृषी सहाय्यकांशी बोलता बोलता निघाला: काम दोन दिवसांत विभागायचं. जे २ ऑक्टोबरलाच चांगलं होतं ते त्या दिवशी आणि प्रत्यक्ष गोण्या रचणं दसऱ्याच्या आसपास. २ ऑक्टोबरला गावात असं काय असतं जे एरवी नसतं? ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी महाराष्ट्रात गावोगाव ग्रामसभा भरतात. बंधारा कुठं घालायचा, भाताचं काय करायचं, पुढं त्याची निगा कोण राखणार, हे सगळं ठरवायला त्याहून योग्य जागा नव्हती.

निर्णय आणि तो पटवून देणं

मॅडमनी चौथा पर्याय उचलला. प्राचार्यांना पटवायला त्यांनी युक्तिवाद फारसा केला नाही, परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात 'श्रमदान' होतं, बंधारा कुठंच नव्हता. बंधारा आपणच फलकावर घातला होता. जागा साफ करणं, मोजमाप, गोण्या गोळा करणं हेही श्रमदानच. पाहुण्यांचं प्रकरण त्याहून सोपं निघालं. त्यांना त्या सकाळी आणखी बरेच कार्यक्रम होते; एक कमी झाल्याचं त्यांच्या कार्यालयाला वाईट वाटलं असावं असं दिसलं नाही. अशा वेळी आयोजक मनातल्या मनात जेवढे घाबरतात तेवढं कारण बहुधा नसतं.

फलकावर '२ ऑक्टोबर'च्या खाली एक कागद चिकटवला: 'पूर्वतयारी आणि ग्रामसभा', आणि पुढं 'बांधकाम: दसऱ्याआधीचा रविवार'.

मात्र मुलांना हा बदल व्हॉट्सअॅप गटावरच्या एका संदेशानं कळला. का बदललं हे कुणी समजावलं नाही. त्याचा परिणाम पुढं दिसला.

१ आणि २ ऑक्टोबर

१ तारखेचा तास झाडण्यात गेला, पण नंतर पंधरा-वीस मुलं वस्त्यांवर घरोघर फिरली: उद्या ग्रामसभा आहे, ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा विषय आहे, या. ही साधी गोष्ट फार उपयोगी पडली. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभा गावाला नव्या नाहीत. त्या दिवशी मात्र सभा भरली, आणि वाडीवरच्या बायका बऱ्याच आल्या.

२ तारखेला मुलं आली चाळीसच्या घरात, निम्म्याहून कमी. गांधीजी आणि शास्त्रीजी दोघांच्या प्रतिमांना हार घालून झाल्यावर त्यांचे गट पडले. एका गटानं ओढ्याची रुंदी दोरीनं मोजली; सुमारे आठ मीटर भरली. दुसऱ्यानं काठावरची झुडपं आणि पात्रात अडकलेला कचरा काढला. तिसरा गट चालू बांधकामांवर आणि खताच्या दुकानांतून रिकाम्या गोण्या मागत फिरला. चौथा ग्रामसभेत बसला. यात एक बारीक मुद्दा होता. सभेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क गावच्या मतदारांचा. बाहेरगावची मुलं फक्त श्रोते. पण गावचेच पाच-सहा स्वयंसेवक अठरा पूर्ण होऊन मतदार यादीत आलेले होते. विषय त्यांनी मांडावा असं ठरलं होतं आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं तो मांडला. त्याआधी ती ग्रामसभेला कधी गेलीच नव्हती.

खरी चर्चा जागेवर झाली. मुलांनी पाहून ठेवलेली जागा वरच्या अंगाला, रस्त्याला लागून होती. गोण्या उतरवायला सोयीची. तिथं पाणी तुंबलं असतं तर मुख्यतः एकाच बागायतदाराच्या मोटारीला मिळालं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते वाडीवरच्या एका आजींनी दोन वाक्यांत सांगितलं: "धुणं आमचं खालच्या डोहावर, गुरं तिथंच. आमची विहीर पण तिथंच. वर अडवून आमच्याकडं काय येणार, ढेकळं?" थोडी वादावादी झाली, पण खालची जागा ठरली. तिथं पात्रात वरवरच खडक लागत होता, म्हणजे पायाही चांगला. आण्णांचं खाचर याही जागेच्या काठाला लागत होतं. त्यांनी अट घातली की आधी भात निघायला हवं. सभेनं ती ठरावात लिहून घेतली.

मधल्या आठवड्यांतला एक पेच

आण्णांचं भात गरव्यापेक्षा, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भातापेक्षा, लवकर येणारं होतं, पण घरात माणसं कमी. रविवारपर्यंत कापणी होईना. तेव्हा कुणीतरी सुचवलं की स्वयंसेवकांनीच एक दिवस जाऊन भात कापून द्यावं. मॅडम अडखळल्या. एका खासगी शेताची कापणी समाजसेवेच्या तासांत धरायची का? उद्या दुसरा शेतकरी म्हणेल, माझंही कापा. आणि नाही कापलं तर बंधारा अडतो.

यावर गावच्या मुलांनी तोडगा काढला तो जुनाच होता. आपल्याकडे सावड असतेच: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्यांनी घरच्या माणसांना घेऊन आण्णांकडे सावड केली, बदल्यात आण्णांनी त्यांच्या घरी पुढं दिवस भरायचे. योजनेच्या नोंदवहीत त्याचा एकही तास लिहिला नाही. सगळ्या प्रकरणातला हा निर्णय मला सर्वांत नेमका वाटतो. गावाला स्वतःची रीत होती; ती वापरल्यामुळे सेवेचे तास आणि शेजारधर्म यांची सरमिसळ झाली नाही.

बांधकामाचा दिवस

रविवार २२ ऑक्टोबर. अष्टमी. साठेक स्वयंसेवक आले आणि गावातले वीस-पंचवीस जण. संख्या सुट्टीच्या दिवसापेक्षा जास्त भरली, याचं श्रेय बहुधा मॅडमनी आदल्या आठवड्यात वर्गावर्गात जाऊन सगळं नीट सांगितलं त्याला. गटावरच्या संदेशानं जे झालं नव्हतं ते दहा मिनिटांच्या बोलण्यानं झालं. अठराच्या आतल्या प्रथम वर्षाच्या मुलांची पालकांची संमतीपत्रं घेतली होती.

काम कसं चाललं ते थोडं विस्तारानं, कारण अडतं ते इथंच. आधी पात्रातला गाळ काढून खडक मोकळा केला. गोणी पूर्ण भरली तर तोंड शिवता येत नाही आणि रचताना नीट बसत नाही, म्हणून दोन तृतीयांशच भरायची. तरी ओल्या वाळूची गोणी चाळीस किलोच्या आसपास जाते. तीनशेच्या घरात गोण्या लागल्या, म्हणजे सुमारे बारा टन माल माणसांच्या हातांनी हलला. एका गोणीला दोघं, शिवाय साखळी. दाभण-सुतळीचं काम आधी आपोआप मुलींकडे आणि उचलायचं मुलांकडे गेलं. तासाभरात मुलींनी हरकत घेतली आणि आळीपाळी सुरू झाली. तळाचा थर रुंद, वर निमुळता. मधोमध एक थर कमी ठेवून सांडवा. वरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद आणि त्यावर मातीची भर. गाव आणि मुलं मिळून अडीचच्या सुमाराला तीन फुटांचा बांध उभा राहिला.

दोन गोष्टी चुकल्या. सिमेंटच्या गोण्या जागेवरच झटकल्यानं पहिल्या अर्ध्या तासात धूळ डोळ्यांत-घशात गेली. मग रुमाल बांधले. आणि नवरात्र. कितीतरी जणांचे नऊ दिवसांचे उपवास होते. जेवण पिठलं-भाकरीचं केलेलं. अकराच्या सुमाराला एका मुलीला चक्कर आली, तेव्हा कुठं लक्षात आलं. गावातल्या बायकांनी घाईनं साबुदाणा भिजवायला घेतला, पण साबुदाणा काही घाईनं भिजत नाही. केळी आणि लिंबू सरबतावर वेळ निभावली. दसऱ्याआधीचा रविवार ठरवताना पाऊस पाहिला, परीक्षा पाहिली, भात पाहिलं; पंचांग कुणी पाहिलं नाही.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सांडव्यावरून वाहू लागलं. डोह जानेवारीच्या शेवटापर्यंत टिकला. धुणं आणि गुरांची सोय झाली, दोघा शेतकऱ्यांनी काठाला हरभरा केला, आण्णांनी वाल पेरला.

वाडीवरच्या विहिरीचं पाणी 'यंदा उशिरापर्यंत होतं' असं बायका सांगतात. ते खरं असेल. पण २ ऑक्टोबरला मोजमापाचा गट हातात दोरी घेऊन ओढ्यावर उभा होता, विहीर पन्नास पावलांवर होती आणि तिची पाणीपातळी कुणी मोजली नाही. त्यामुळे अहवालात 'विहिरीची पातळी वाढली' असं लिहायला मॅडमनी नकार दिला. त्याजागी डोह कधीपर्यंत टिकला एवढंच लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

फलक छापण्याआधी कृषी सहाय्यकांना जागा दाखवायला हवी होती, हे तर उघडच आहे. क्रम एवढा बदलला असता तर निम्मी धावपळ वाचली असती.

२ ऑक्टोबरची कमी हजेरी मात्र टाळता आली असती असं मला वाटत नाही, आणि ती टाळण्यासाठी हजेरीची सक्ती करायची गरजही नव्हती. त्या दिवशीच्या कामाला चाळीस माणसं पुरेशी होती. शंभर असती तर साठजण ओढ्याच्या काठावर फोनमध्ये डोकं घालून बसले असते. कामाला किती हात लागतात हे आधी मोजून मगच मुलांना बोलवावं. मोकळं बसलेलं पोरगं पुढच्या वेळी येत नाही.

या प्रकरणावर चर्चा घेतली की एक प्रश्न हमखास येतो: ग्रामसभेनं वरचीच जागा ठरवली असती तर? मॅडमचं उत्तर असं की मग तिथंच घातला असता, कारण ठराव गावाचा. मी त्याच्याशी पुरता सहमत नाही. मुलांच्या श्रमाचा लाभ एकाच मोटारीला होणार असेल, तर 'आम्ही या जागेवर येणार नाही' असं एककानं म्हणायलाही हरकत नसावी. यावर मतं वेगळी असू शकतात, असावीतही.

सर्वांत मोठी राहिलेली बाजू बंधारा काढण्याची. या गोण्या उन्हात चार-सहा महिन्यांत विरतात. पावसाआधी काढल्या नाहीत तर पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या होऊन खाली सगळीकडे प्लास्टिकचे दोरे पसरतात. ठरावात निगा ग्रामपंचायतीकडे दिली होती, पण काढायचं कुणी आणि कधी हे लिहिलेलं नव्हतं. मे महिन्यात मुलं परीक्षा संपवून पांगली. शेवटी जूनच्या तोंडावर आण्णा, वाडीवरचे काही जण आणि गावचे चार स्वयंसेवक यांनी जमतील तेवढ्या गोण्या काढल्या. बऱ्याच हातात घेताच फाटल्या. पुढच्या वर्षाच्या कृती आराखड्यात मॅडमनी तीन तारखा लिहिल्या: २ ऑक्टोबरला ग्रामसभा आणि विहिरीच्या पातळीचं मोजमाप; ओढा दमल्यावर, उपवास नसलेल्या रविवारी बांधकाम; आणि एप्रिलचा शेवटचा रविवार गोण्या काढायला, त्याचे तास बांधकामाइतकेच धरून.